सहाव्या बोटाचा पत्ता

बाळ जन्माला आलं की सगळ्यांची नजर आधी चेहऱ्यावर जाते. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं ह्याची वाटणी सुरू होते. मग कुणीतरी अनुभवी बाई हळूच दुपटं बाजूला करते आणि बोटं मोजते. पाच-पाच भरली की दुपटं पुन्हा गुंडाळलं जातं, विषय संपतो. सहा भरली तर मात्र घरात पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, पोर नशीब काढणार. दुसरा पक्ष चांगला सर्जन कोण ह्याची चौकशी करू लागतो. तिसरा पक्ष हे बोट आलं कुठून ह्याच्या मागे लागतो, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याचा तपास सुनेच्या माहेरापाशी जाऊन थांबतो.

हाच तपास शास्त्रज्ञांनीही केला. ते कुणाच्या माहेरी गेले नाहीत, पण जिथे पोचले ती जागा माहेराहूनही अनपेक्षित होती.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचं बेट आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे तिथे काही वर्षं राहिला. त्याच्या घराचं आता संग्रहालय झालंय, आणि त्या संग्रहालयात पन्नास-साठ मांजरं सुखानं नांदतात. मांजराच्या पुढच्या पंजाला एरवी पाच बोटं असतात. इथल्या बऱ्याच मांजरांना सहा आहेत, काहींना त्याहून जास्त. अंगठ्याच्या बाजूला जादा बोट फुटल्यामुळे पंजा हातमोजा घातल्यासारखा दिसतो. कुणा जहाजाच्या कप्तानानं हेमिंग्वेला सहा बोटांचं एक मांजर दिलं आणि पुढची सगळी प्रजा त्याचीच, असं सांगतात. खलाशी असं मांजर जहाजावर असणं शुभ मानत. म्हणजे नशीब काढणारा पक्ष तिकडेही आहे.

ह्या मांजरांचा डीएनए तपासला गेला आणि २००८ साली निष्कर्ष छापून आला. जादा बोटाचं कारण होतं एका, फक्त एका, अक्षरातला बदल. डीएनएची लिपी चार अक्षरांची. माणसाच्या बाबतीत ती तीनशे कोटी अक्षरांपर्यंत जाते, मांजराच्या बाबतीत थोडी कमी. त्यातलं एक अक्षर बदललं आणि बोट वाढलं, एवढं ऐकून कुणालाही वाटेल की ते अक्षर बोटं घडवणाऱ्या जनुकातलंच असणार. तसं नव्हतं. ते त्या जनुकापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब होतं. त्यातून ते बसलं होतं भलत्याच जनुकाच्या पोटात.

आता ह्या मूळ जनुकाची ओळख करून द्यायला हवी, आणि इथे जरा संकोच वाटतो, कारण त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. प्रकार असा झाला. १९८० साली जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोघं फळमाशीच्या अळ्या तपासत होते. एका जनुकात बिघाड असलेली अळी अंगभर काटे आल्यासारखी दिसत होती, म्हणून त्या जनुकाला त्यांनी हेजहॉग ह्या काटेरी प्राण्याचं नाव दिलं. पुढे दोघांना नोबेल मिळालं. १९९३च्या सुमाराला पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ह्या जनुकाची भावंडं सापडली. दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावं मिळाली, त्यातलं एक इंडियन हेजहॉग. म्हणजे प्रत्येक अमेरिकन माणसाच्या पेशीपेशीत एक इंडियन व्हिसाशिवाय मुक्काम ठोकून आहे. तिसऱ्याला त्या काळी गाजत असलेल्या व्हिडिओ गेममधल्या निळ्या नायकाचं नाव दिलं, सॉनिक. प्रयोगशाळेत सगळे हसले असतील. पण ह्या जनुकात बिघाड झाला तर बाळाच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत, चेहरा नीट घडत नाही. आईबापांना समोर बसवून व्हिडिओ गेमच्या पात्राचं नाव घ्यायचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांना पडला आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला. बारशाला नाव ठेवताना हौस आवरावी, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगतातच.

हे सॉनिक हेजहॉग एकटं बरीच खाती सांभाळतं. मेंदू, मज्जारज्जू, चेहरा, आणि हात-पाय. गर्भात हात आधी एखाद्या कळीसारखा फुटतो. त्या कळीच्या एका कडेला, जिथे पुढे करंगळी येणार त्या बाजूला, पेशींचा एक छोटा गट हे जनुक चालू करतो आणि त्यापासून बनलेलं प्रथिन कळीत पसरतं. जिथे ते भरपूर आणि पुष्कळ वेळ पोचलं तिथे करंगळी, जिथे कमी तिथे मधली बोटं, आणि जिथे जवळजवळ पोचलंच नाही तिथे अंगठा. ह्या गटाची करामत १९६८ सालीच उघड झाली होती. जॉन सॉन्डर्स आणि मेरी गॅसलिंग ह्यांनी कोंबडीच्या गर्भात पंखाच्या कळीची ही कड कापून समोरच्या कडेला लावली, आणि पंखाला आरशात पाहिल्यासारखा बोटांचा दुसरा संच फुटला. अंगठ्याच्या बाजूला हे जनुक चुकून चालू झालं तर तिथे जादा बोट येणार, हा हिशेब त्यातच आला.

प्रश्न उरला तो असा, की जनुकाला हे सांगतं कोण? डोळ्याच्या पेशीत, यकृताच्या पेशीत, करंगळीच्या कडेच्या पेशीत, सगळीकडे तोच डीएनए. मग इथे चालू हो, तिथे गप्प बस, हा हुकूम येतो कुठून?

शास्त्रज्ञांची पहिली समजूत साधी होती. १९६१ साली पॅरिसमध्ये झाकोब आणि मोनो ह्यांनी जिवाणूतल्या जनुकांची बटणं शोधली होती. तिथे कारभार सुटसुटीत, जनुकाच्या अगदी दारातच बटण. आपल्यासारख्या बहुपेशीय प्राण्यांतही तसंच असणार असं धरून चाललं होतं. १९८१ साली झुरिचमध्ये यूलियन बानेर्जी, सांद्रो रुस्कोनी आणि वाल्टर शाफ्नर ह्यांनी एका विषाणूच्या डीएनएतला एक तुकडा घेतला आणि सशाच्या हिमोग्लोबिनच्या जनुकासोबत पेशीत घातला. जनुकाचं काम दोनशेपट वाढलं. मग त्यांनी तुकडा उलटा करून लावला. तरी काम तेवढंच. जनुकाच्या पुढे लावला, मागे लावला, हजारो अक्षरं लांब नेऊन लावला. तरी तो आपला हुकूम सोडत होता आणि जनुक तो पाळत होतं. अशा तुकड्यांना एन्हान्सर हे नाव पडलं. जनुकाच्या दारातल्या जागेला म्हणतात प्रमोटर. काम दारात सुरू होतं, पण ते सुरू करण्याचा निर्णय दाराबाहेर, कधीकधी फार फार बाहेर, होतो.

मराठी वाचकाला ह्यात धक्का बसण्याजोगं काही नाही. आमच्या घरी सगळे निर्णय इंदूरला होत. वडिलांची थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली ती तिकडचीच झाली, पण पुण्यातल्या घराची सूत्रं तिनं सासरी नेली होती. पंखा घ्यायचा, भिंतीला रंग द्यायचा, मुलीला स्थळ पाहायचं, काहीही निघालं की वडील म्हणत, "आक्काला विचारलंस का?" आणि आई म्हणे, "वन्संना कळवल्याशिवाय मी नाही हो बाई बोलणार काही." भिंतीला भिंत लागून जोशीकाका राहत होते. आमच्या घरात फोडणी कशाची पडली हे त्यांना आमच्याआधी कळे. सल्ला देण्याची त्यांना फार हौस, आणि आयुष्यभरात त्यांचा एक सल्ला आमच्या घरात कुणी ऐकला नाही. नकाशावर बघणाऱ्या परक्या माणसाला वाटलं असतं की आमच्या घरावर वजन असलंच तर ते जोशीकाकांचं.

जनुकशास्त्रज्ञ बरीच वर्षं नकाशाच बघत होते. नेदरलँड्स, बेल्जियम आणि क्यूबा इथल्या काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या जादा अंगठा येत होता. डीएनएतला दोष जिथे असावा ती जागा शोधत गेल्यावर हाती लागलं एलएमबीआर१ नावाचं जनुक. दोष त्याच्या हद्दीत, तेव्हा गुन्हेगारही तोच, असा संशय बरेच दिवस त्याच्यावर होता. २००३ साली एडिंबरोत लॉरा लेटिस, रॉबर्ट हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एलएमबीआर१ बिचारं निर्दोष आहे. त्याच्या पोटात, प्रथिनासाठी न वापरल्या जाणाऱ्या भागात, सातआठशे अक्षरांचा एक परका तुकडा राहतो. झेडआरएस हे त्याचं नाव. हा तुकडा घरमालकाशी काही देणंघेणं न ठेवता दहा लाख अक्षरांपलीकडच्या सॉनिक हेजहॉगला हुकूम सोडतो, आणि तोही फक्त हात-पायांपुरता. त्यात एखादं अक्षर बदललं की अंगठ्याच्या बाजूलाही हुकूम सुटतो आणि बोट वाढतं. उंदरांतून हा तुकडा साफ काढून टाकला तर हात-पाय खुंटतात, बोटं येत नाहीत. मेंदू आणि चेहरा मात्र ठीकठाक, कारण त्या खात्यांचे एन्हान्सर वेगळे आणि वेगळ्या ठिकाणी बसलेले.

आता दहा लाख अक्षरं म्हणजे किती लांब? डीएनएची दोरी सरळ ताणली तर एवढा भाग साधारण एक तृतीयांश मिलिमीटर भरेल. दिसायला ही लांबी काहीच नाही. पण ज्या पेशीकेंद्रकात ही दोरी राहते त्याचा व्यास असतो सहा ते दहा मायक्रोमीटर. म्हणजे ह्या दोघांमधलं अंतर ते ज्या घरात राहतात त्या घराच्या रुंदीच्या निदान तीसपट. आणि हा झाला दोरीचा एक छोटा तुकडा, पूर्ण दोरी प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर. ती तिथे मावते कारण हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर ती गुंडाळलेली असते. आठ हिस्टोनांचं एक रीळ, त्याभोवती १४७ अक्षरांचे पावणेदोनच्या आसपास वेढे, मग थोडी मोकळी दोरी, पुन्हा रीळ. ह्या सगळ्या मांडणीला क्रोमॅटिन म्हणतात. काही भाग घट्ट दाबून ठेवलेला असतो, तिथलं कुणालाच वाचता येत नाही. काही भाग सैल असतो. करंगळीच्या कडेच्या पेशीत झेडआरएसचा भाग मोकळा होतो, नेमकी प्रथिनं येऊन त्यावर बसतात, शेजारच्या रिळांवर रासायनिक खुणा चढतात, आणि तुकडा बोलू लागतो.

गुंडाळण्यामुळे एक मजेची गोष्ट घडते. दोरीवर लांब असलेल्या दोन जागा प्रत्यक्षात अगदी जवळ येऊ शकतात. उंदराच्या गर्भात मोजून पाहिलं तेव्हा झेडआरएस आणि सॉनिक हेजहॉग ह्यांच्यातलं खरं अंतर अर्ध्या मायक्रोमीटरच्याही आत निघालं. एवढंच काय, ज्या पेशींचा हात-पायांशी संबंध नाही तिथेही ही दोघं फार लांब नसतात. रेल्वेच्या वेळापत्रकातून इंदूर कितीही लांब दिसो, आमच्या घरात बसलं की आत्या पुढच्या खोलीतच असल्यासारखी वाटे.

ही जवळीक घडते कशी, ह्याचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंचसं हाती आलंय. कोहेसिन नावाचं अंगठीसारखं प्रथिन दोरीवर बसतं आणि दोन्ही बाजूंनी दोरी आत ओढू लागतं. मध्ये फास मोठा मोठा होत जातो. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालताना पाहिलं. वेग सेकंदाला साधारण हजार अक्षरांच्या घरात. त्या वेगानं न थांबता दहा लाख अक्षरं ओढायला सोळा-सतरा मिनिटं. पण कोहेसिनला थांबावं लागतं. सीटीसीएफ नावाचं दुसरं प्रथिन ठरावीक जागी दोरी धरून बसलेलं असतं, आणि ते योग्य दिशेला तोंड करून बसलं असेल तरच ओढणं तिथे अडतं. अशा दोन अडसरांमधला दोरीचा पट्टा आपल्याआपल्यात जास्त भेटीगाठी ठेवतो, बाहेरच्यांशी कमी. २०१२ साली ह्या पट्ट्यांचा पहिला नकाशा निघाला. पुण्यातही ह्या विषयावर बरंच काम झालंय. संजीव गलांडे ह्यांनी आधी एनसीसीएस आणि मग आयसर ह्या संस्थांत रोगप्रतिकार पेशींमध्ये क्रोमॅटिनचे फास रचणाऱ्या सॅटबी१ ह्या प्रथिनाचा अभ्यास केला.

२०१६ साली उंदरांमध्ये एक खासा प्रयोग झाला. सॉनिक हेजहॉगच्या पट्ट्यात वेगवेगळ्या ठिकाणी तपासणी करून पाहिलं की झेडआरएसचा हुकूम कुठेकुठे पोचतो. पट्ट्याच्या आत जवळ असो की लांब, हुकूम जवळजवळ सारखाच पोचतो. पट्टा मध्येच तोडला की मात्र आवाज बसतो. म्हणजे अंतराला महत्त्व नाही, हद्दीला आहे. आत्याचा शब्द आमच्या सगळ्या चुलत-मावस घरांत चालत असे, पण भिंतीपलीकडच्या जोशीकाकांकडे तिनं कधी मीठ कमी घाला असंही सांगितलं नाही.

हद्द मोडली तर काय होतं, हे २०१५ साली बर्लिनच्या स्टेफान मुंडलोस ह्यांच्या गटानं दाखवलं. काही कुटुंबांत बोटं आखूड, काहींत जुळलेली, काहींत जादा. ह्याचं कारण बिघडलेलं जनुक नव्हतं, एन्हान्सरही शाबूत होते. बिघडली होती दोन पट्ट्यांमधली सीमा. डीएनएचा काही भाग गळाल्यामुळे, उलटल्यामुळे किंवा दुबार झाल्यामुळे एका जनुकाचे एन्हान्सर शेजारच्या जनुकांना हुकूम सोडू लागले होते. हुकूम बरोबर, हुकूम देणारा बरोबर, पत्ता चुकला. पत्रं वाटणाऱ्यांनाच कळेल ह्यानं किती घोळ होतो.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. हुकूम देण्यासाठी एन्हान्सरला जनुकाच्या दाराला प्रत्यक्ष टेकावं लागतं का? पाठ्यपुस्तकातल्या चित्रात दोरीचा फास पडतो, एन्हान्सर आणि प्रमोटर एकमेकांना चिकटतात आणि काम सुरू होतं. चित्र सुबक आहे. पण २०१७ साली पेशींमधलं कोहेसिन जवळजवळ पूर्ण नाहीसं केलं, फास विरले, आणि तरीही बहुतेक जनुकं पुष्कळशी आपल्या चालीनं काम करत राहिली. २०१९ साली तर एडिंबरोमध्ये असं दिसलं की मेंदूच्या वाटेवरच्या पेशींत सॉनिक हेजहॉग चालू होताना त्याचे मेंदूतले एन्हान्सर जवळ यायच्या ऐवजी थोडे लांबच सरकतात. आता काही जण म्हणतात, एकदा येऊन भेटून जाणं पुरेसं असेल, पुढचं काम मागे राहिलेली प्रथिनं बघतील. काही म्हणतात, मध्ये प्रथिनांचा दाट घोळका जमतो आणि त्यातून निरोप पोचतो. आत्याच्या बाबतीतही आमच्याकडे असेच दोन पक्ष होते. आईच्या मते, त्या स्वतः येऊन उभ्या राहिल्याशिवाय घरात पान हलत नाही. वडिलांच्या मते, तिचं नुसतं पोस्टकार्ड पुरे. खरं काय ते शेवटपर्यंत ठरलं नाही, घर मात्र चालत राहिलं.

ह्या लांबच्या तुकड्यांनी उत्क्रांतीत काय काय केलंय हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. सापाचे पाय गेले कुठे? २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेत एवगेनी क्वोन, अ‍ॅक्सेल व्हिझेल आणि सहकाऱ्यांनी उंदराचा झेडआरएस काढून त्या जागी नागाचा घातला. उंदीर झाला, पण त्याचे पाय खुंटलेले. अजगराचा घातला, तेच. माणसाचा घातला तर पाय व्यवस्थित, आणि सीलाकँथ ह्या प्राचीन माशाचा घातला तरीसुद्धा व्यवस्थित! म्हणजे पायच नसलेल्या माशाकडे पाय घडवण्याचा चालू हुकूम आहे, आणि ज्याचे पूर्वज पायांनी चालत होते त्या सापाकडे तो पुसट झालेला. सापांच्या तुकड्यातून गळालेली १७ अक्षरं संशोधकांनी परत घातली, तेव्हा उंदराचे पाय पुन्हा नीट आले. अजगरात हुकूम पूर्ण पुसलेला नाही, म्हणून त्याच्या शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांचे नखाएवढे अवशेष अजूनही दिसतात. सापानं पायांचं जनुक टाकलं नाही, टाकता येणारही नव्हतं, कारण त्याच जनुकावर मेंदू आणि कणा अवलंबून. त्यानं फक्त पायांपुरता हुकूम ढिला पडू दिला.

आणि हे सगळं सापा-मांजरांपुरतं नाही. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर आटीव दूध प्यायलेल्या मंडळींपैकी काहींना दुसऱ्या दिवशी जो त्रास होतो, त्याचा निकालही असाच लांबून लागतो. दूध पचवायला लागणारं लॅक्टेज नावाचं प्रथिन बहुतेक सस्तन प्राण्यांत, आणि जगातल्या बहुसंख्य माणसांतही, लहानपण सरलं की कमी होत जातं. काहींत मोठेपणीही ते चालू राहतं. ह्याचं कारण २००२ साली फिनलंडमधल्या अभ्यासातून सापडलं. लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारे १४ हजार अक्षरांवर, एमसीएम६ नावाच्या शेजारच्या जनुकाच्या पोटात, एका अक्षराचा फरक. युरोपात सापडलेला हाच फरक भारतातही आढळतो, वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी. दूध पचो न पचो, एमसीएम६चा त्यात काही हात नाही. ते फक्त घरमालक.

सगळ्यात जास्त अन्याय झाला तो एफटीओवर. २००७ साली लठ्ठपणाशी निगडित फरक ह्या जनुकाच्या हद्दीत सापडले. झालं, एफटीओ लठ्ठपणाचं जनुक म्हणून जगभर बदनाम झालं, त्याच्या पूर्ण नावातच लठ्ठपणा चिकटला. २०१४ साली दिसलं की त्या हद्दीतल्या एन्हान्सरचा हुकूम जातो पाच लाख अक्षरांपलीकडच्या आयआरएक्स३ नावाच्या जनुकाकडे. एफटीओचा उल्लेख अजूनही लोक वजनकाट्यावरून उतरताना करतात. निर्दोष सुटलेल्याची बातमी आतल्या पानावर येते, हे वर्तमानपत्रांतच घडतं असं नाही.

हसता हसता एका गंभीर जागी यावं लागतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, बऱ्याच घरांत आहे. प्रौढ हिमोग्लोबिनमधल्या दोषामुळे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. गर्भात असताना बाळाकडे वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते निर्दोष. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं प्रथिन ते बंद करतं. ते बंद होऊ दिलं नाही तर? पण बीसीएल११ए मोडता येत नाही, कारण मेंदूला आणि रोगप्रतिकार पेशींनाही ते लागतं. २०१३ साली हार्वर्डच्या डॅनियल बाउअर, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांना त्याचा तांबड्या पेशींपुरता एन्हान्सर सापडला, जनुकाच्या सुरुवातीपासून साठेक हजार अक्षरं आत. डीएनए कापणाऱ्या क्रिस्पर नावाच्या कात्रीनं रुग्णाच्या मूळ पेशींमध्ये तेवढाच कापायचा आणि पेशी परत द्यायच्या. २०२३ सालच्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं ह्या उपचाराला मान्यता दिली. जनुक जसंच्या तसं, फक्त एका खात्याचा हुकूम थांबवलेला. अमेरिकेतली किंमत मात्र २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दरानं अठरा कोटींच्या घरात. पेशीतली दहा लाख अक्षरं ओलांडायची युक्ती निसर्गाला सापडली, पण त्या प्रयोगशाळेपासून गडचिरोलीच्या दवाखान्यापर्यंतचं अंतर माणसांनाच मोडावं लागेल, आणि ते कोहेसिनच्या वेगानं होणार नाही.

प्रत्यक्ष प्रथिनांसाठी वापरली जाणारी अक्षरं आपल्या डीएनएचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग व्यापतात. उरलेल्याकडे बराच काळ अडगळ म्हणून पाहिलं गेलं, आणि त्यात खरोखरची अडगळ पुष्कळ आहेही. पण अडगळीच्याच खोलीतून हे हुकूम सुटत होते. माणूस आणि उंदीर ह्यांची प्रथिनं बनवणारी जनुकं संख्येनं जवळपास सारखी, वीस हजारांच्या आसपास. फरक बराचसा पडतो तो कुठे, कधी आणि किती, हे सांगणाऱ्यांत. काम करणारे सगळीकडे तेच असतात, हे ज्यानं एकदा तरी बदली झालेल्या साहेबाखाली नोकरी केली आहे त्याला पटवून द्यावं लागत नाही.

म्हणून हल्ली कुणी "हे आमच्या जनुकांतच आहे हो" म्हणालं की मला खुसपट काढावंसं वाटतं. आमचे एक स्नेही सकाळी नऊच्या आत उठत नाहीत. त्यांचे वडील उठत नसत, आजोबाही नसत, त्यामुळे आळस घराण्याच्या जनुकांत आहे असा त्यांचा सिद्धान्त आहे आणि वहिनींनी तो नाइलाजानं मान्य केला आहे. परवा मी त्यांना विचारलं, जनुकं तर आपल्या सगळ्यांकडे तीच आहेत, तुमच्यातल्याला हे सांगितलं कुणी, आणि कुठे बसून? ते विचारात पडले. मी म्हटलं, शोध घ्यायचा तर घ्या, एलएमबीआर१ आणि एफटीओचा अनुभव बघता आधी काही वर्षं चुकीच्या शेजाऱ्याला धरण्यात जातील, मग आणखी काही खऱ्याचा पत्ता शोधण्यात. तोवर उठून स्वतःचा चहा स्वतः करायला हरकत नाही. त्यासाठी दहा लाख अक्षरांवरून हुकूम यावा लागतो, असं अजून तरी कुणी सिद्ध केलेलं नाही.